पंखा बंद ठेवण्याचे दिवस

कार्तिकातल्या दुपारी, अंबाजोगाईच्या घरात, पंखा बंद करून बसण्याची वेळ माझ्यावर आली ती भाचीच्या लग्नामुळे आणि पाच किलो झेंडूमुळे. माजघरात जुनी वर्तमानपत्रे अंथरून त्यांवर पाकळ्या एकेरी थरात पसरल्या होत्या, आणि कोणी सवयीने बटण दाबले की केशरी वादळ थेट देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जात असे. उन्हात ठेवल्या तर रंग उडतो, डब्यात घाईने भरल्या तर बुरशी धरते. म्हणून सावलीत, दिवसातून दोनदा हाताने खालीवर करीत, घाम पुसत वाट पाहायची.

अट भाचीची होती. डोक्यावर धान्य टाकून ते पायदळी तुडवायचे नाही, चमकीचे कागद उडवणारी नळकांडी तर नकोतच. सुकलेल्या पाकळ्या उधळायच्या. मी आधी देवळातून रोज उतरणारी फुले मागून आणण्याचा विचार केला होता, पण आईने तो दारातच अडवला. "देवाच्या अंगावरून उतरलेलं लेकराच्या डोक्यावर टाकतीस का? अन् मग त्यावर पाय देऊन जेवायला जायचं?" यावर मला उत्तर नव्हते. दिवाळी सरल्यामुळे बाजारात झेंडू मातीमोल झाला होता. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पावशेराला घासाघीस करावी लागली, तोच आता ढिगाने पडून होता. विकणाऱ्याने पाच किलो मोजून वर दोन ओंजळी घातल्या, आणि त्या दोन ओंजळी मला अजून टोचतात.

आमच्या लहानपणी घरच्या लग्नात अक्षता ज्वारीच्या असत. तांदूळ सणावाराला शिजवण्याची वस्तू होती, डोक्यावर टाकण्याची नव्हे. लग्नाच्या आदल्या दिवशी आजी सूप मांडीवर घेऊन बसे आणि ज्वारीचा एकेक दाणा जणू मुलगी पाहायला आल्यासारखा निरखून घेई. फुटलेला, किडका, टोक उडालेला दाणा बाजूला पडे आणि तो कोंबड्यांना जाई. निवडलेल्या ज्वारीला ओल्या कुंकवाचा हात लावून ती सुपातच वाळत ठेवायची, आणि आम्ही जवळ गेलो की आमच्या हातांवर चापट बसायची. क्षत म्हणजे मोडलेले, अक्षत म्हणजे न मोडलेले, हे व्याकरण मी शाळेत नव्हे तर त्या चापटीतून शिकले. मंगलाष्टके चालू असताना आम्ही पोरे मात्र त्या निवडक दाण्यांचा नेम नवरदेवाच्या कानावर धरत असू.

त्यामुळे पाकळ्या उपसताना माझा हात अडखळू लागला. फूल मोडून त्याचे तुकडे शुभकार्यात उधळायचे, हे आजीच्या सुपात बसणारे नव्हते. गुलाबाच्या बाबतीत तर ही शंका पक्कीच ठरली. हौसेने आणलेला पावशेर गुलाब तिसऱ्या दिवशी जांभळट काळा पडला आणि पांढरी शेवंती चहाच्या डागासारखी तपकिरी झाली. झेंडू तेवढा आपला रंग धरून राहिला. त्याची एक पाकळी उचलून पाहिली, तर बुडाशी ती काळी, सुईसारखी बी चिकटलेली होती, जी आम्ही लहानपणी परसात पेरत असू. तेव्हा कधीकाळी शिकलेले वनस्पतिशास्त्र आठवले: झेंडू हे एक फूल नव्हेच, तो अनेक फुलांचा गुच्छ आहे, आणि आपण पाकळी म्हणतो ते प्रत्येक एक स्वतंत्र, आपल्या बीसकट असलेले फूल आहे. म्हणजे झेंडू कितीही उपसला तरी मोडत नाही. मी हे आईला मोठ्या आनंदाने सांगितले. "बरं," ती म्हणाली आणि लसूण सोलत राहिली.

भाची ज्याला कॉन्फेटी म्हणते, तो शब्द इटलीचा. तिथे कॉन्फेटी म्हणजे साखरेचा लेप दिलेले बदाम. उधळायच्या कागदी कपट्यांना तिथे वेगळेच नाव आहे आणि ते धन्यावरून पडले आहे, कारण कार्निवलात पूर्वी साखरेत घोळलेले धने उधळत. तिथेही मुळात दाणाच होता, हेही आईला सांगणार होते, पण राहू दिले.

सहाव्या दिवशी पाच किलोंचे जे काही उरले ते पोह्यांच्या डब्यात मावले. बोटांत चुरले की कुरकुरत होते. आईने डबा हलवून पाहिला आणि म्हणाली, "ज्वारी टाका नाहीतर फुलं टाका, मुहूर्तावर पडलं म्हंजे झालं." आमच्या गावात हे वाक्य सहज म्हटले जात नाही. गावची देवी जोगाई, तिचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले होते, मुहूर्त टळला, आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झाले. हत्तीखाना म्हणतात त्या लेण्यांतले दगडी हत्ती दाखवत आजीने मला ही गोष्ट सांगितली होती. मग त्या वऱ्हाडाच्या मुठीतल्या अक्षतांचे काय झाले, असे मी घरी आल्यावर तिला विचारले. ती सुपातली ज्वारी निवडत होती. तिने मान वर केली नाही.