कन्नड येतं हो मला

पुण्यातले नातेवाईक हमखास विचारतात, बंगळूरचे सहकारीही विचारतात: "इतकी वर्षं कर्नाटकात आहात, कन्नड शिकून मोकळं का होत नाही?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. कन्नड येतं मला. बेळगावच्या बाजारात भाव मी कन्नडात करतो, भांडतोही. प्रश्न आत्याचा आहे.

शेवंताआत्या खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. (मराठी शाळा आहेत, खोटं कशाला बोलू.) यजमान गेले आणि जमिनीला वारसा लावायची वेळ आली. उतारा हातात पडला तो कन्नडात. तिने उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "बघ रे, माझं नाव तरी हाय काय त्यात?" होतं, पण 'शेवंतव्वा' असं. बाईच्या नावाला 'व्वा' लावणं ही तिकडची आदराचीच रीत, लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसणार. पण आधारकार्डावर ती नुसती शेवंता. झालं, दोन बायका तयार झाल्या. कागद वाचता आला असता तर अर्ज करतानाच तिने बोट ठेवलं असतं. ते न झाल्याने पुढे चार महिने हेलपाटे. एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी आणि दर खेपेला कागद वाचून दाखवायला कुणीतरी सोबत.

राज्यघटनेत भाषेबद्दल लिहिलेलं आहे. कलम 350 म्हणतं, गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडा. उत्तर कोणत्या भाषेत येईल, ते मात्र सांगत नाही. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा केंद्राने निवेदन काढलं होतं: जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के असतील, तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्याही भाषेत द्यावेत. आमच्या तालुक्यात मराठी माणूस याहून कितीतरी जास्त आहे. या सगळ्यावर लक्ष ठेवायला घटनेनेच भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमलाय, कलम 350 ब. त्याचं एक विभागीय कार्यालय वर्षानुवर्षं बेळगावातच होतं! आत्याला ते कुणी सांगितलं नाही. मलाही फार उशिरा कळलं.

सीमेचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात लावला, त्याचं व्हायचं ते होईल. आत्याला कोणतं राज्य हवं हे मी कधी विचारलेलं नाही. तिला कागद वाचता यायला हवा, एवढंच माझं म्हणणं. कन्नडाखाली चार ओळी मराठी छापली, तर कन्नडाचं काय घटतं?

शेवटी वकिलाने स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिलं: शेवंता आणि शेवंतव्वा ही एकच व्यक्ती. तेही कन्नडात. मी वाचून दाखवलं. "म्हणजे मी एकलीच हाय असं लिवलंय न्हवं?" आत्याने खात्री करून घेतली आणि खाली सावकाश, एकेक अक्षर जुळवत मराठीत सही केली.