हरभरा उभ्या उभ्या वाळतो तेव्हा

इंदूरच्या कृषी दुकानात "चन्यात उकठा लागलाय", म्हणजे हरभऱ्याला मर रोग लागलाय, म्हटलं की बहुतेक वेळा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी हातात पडते. मीही ती पाण्यात कालवून रोपांच्या मुळाशी ओतून पाहिली. वाळायला लागलेलं एकही रोप सावरलं नाही. सावरणारच नव्हतं, कारण तोवर फ्युजॅरियम बुरशी मुळातून जलवाहिन्यांत शिरून पाण्याची वाट बुजवत असते.

आता आधी रोप बघतो. उपटत मात्र नाही, खुरप्याने मातीसकट काढतो. काळ्या मातीत उपटलं की सोटमूळ तुटतं आणि नेमका पुरावा जमिनीत राहतो. मूळ धुवून ब्लेडने उभा छेद घेतला, की मरीत आतल्या काष्ठात तपकिरी-काळी रेघ खोडात वर चढलेली दिसते. बाहेरून मूळ धडधाकट, पानंही बऱ्याचदा हिरवीच, फक्त देठ लोंबलेले. पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत हे होतं, किंवा मग थेट फुलोऱ्यात आणि घाटे भरताना.

सोयाबीनवर हरभरा घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. सोयाबीनचा काडीकचरा न कुजता राहिला आणि जमीन ओली असली, तर रोपं जमिनीलगत कुजतात. तिथे पांढरी जाळी आणि मोहरीएवढे दाणे दिसतात. ती मानकूज. घाटे भरताना ऊन तापलं, ओल संपली आणि सोटमूळ काडीसारखं कडकन मोडलं, उपमुळंही झडलेली दिसली, तर ती कोरडी मूळकूज. तिथे एखादं हलकं पाणी वेळेवर मिळणं महत्त्वाचं. मरीत पाण्याने काही फरक पडत नाही.

मर ठरली की त्या हंगामात करण्यासारखं थोडंच असतं: मेलेली रोपं काढून जाळायची आणि त्या तुकड्यातलं बी ठेवायचं नाही. बुरशी बियाण्यातूनही जाते, हे घरचं बी वापरणारे विसरतात.

पुढच्या पेरणीची तयारी उन्हाळ्यातल्या खोल नांगरटीने होते. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारक ठरणारी उपकारक बुरशी, पण ती नुसती शेतात भुरभुरण्यात अर्थ नाही. १ किलो पावडर ५० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ढीग लावतो, वर ओलं पोतं टाकतो. आठवड्याने एकदा परततो. पंधरा दिवसांत हिरवट बुरशी दिसू लागते, तेव्हा ते खत पेरणीआधी मातीत जातं. पाकिटावरची मुदत बघायची. उन्हात टांगलेली पाकिटं घ्यायची नाहीत.

बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, मग पेरणीच्या तोंडावर ५ ग्रॅम रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू. त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिमही चोळलं, तर ते ट्रायकोडर्मालाच मारतं. रासायनिक जोड हवीच असेल तर कार्बोक्सिन त्याच्याशी जमतं. पेरणी ८ ते १० सेंटिमीटर खोल. उथळ पेरलेल्यात मर जास्त दिसते. वाण जे.जी. ३१५ किंवा जे.जी. ११ सारखा मररोधक. डॉलर, म्हणजे मोठ्या दाण्याचा काबुली हरभरा, पेरायचा असेल तर वाणाचं नाव विचारून घ्यावं, "अच्छा माल है" एवढ्यावर भागत नाही.

चुना घालण्याचा सल्लाही हमखास मिळतो. ते आम्लधर्मी जमिनीचं शहाणपण आहे. माळव्याच्या काळ्या मातीचा सामू बहुतेक ठिकाणी ७ च्या वरच असतो. तिथे चुना म्हणजे पैसे मातीत.

घरामागच्या अ‍ॅस्टरच्या फुलझाडांच्या वाफ्यात मर आणते ती याच बुरशीची वेगळी जात. ती हरभऱ्याला लागत नाही आणि हरभऱ्याची अ‍ॅस्टरला लागत नाही. एवढ्याशा वाफ्याला ऊन पुरतं. एप्रिल-मे मध्ये भरपूर पाणी देऊन पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून बसवायचं, कडा मातीने बंद करायच्या आणि सहा आठवडे उघडायचं नाही. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही.

शेतात मात्र फेरपालटच. हरभरा नसला तरी ही बुरशी मातीत सहा वर्षं तग धरते आणि मसूर, वाटाणा, तूर यांच्या मुळांत लक्षण न दाखवता राहते. म्हणून मधली पिकं डाळवर्गातली धरत नाही. त्या तुकड्यात आता गहू आहे.