पोळी बंद करायच्या आधी रक्त तपासा

मेलबर्नमध्ये कुठल्याही साध्या कॅफेत गेलात तरी मेन्यूवर बऱ्याच पदार्थांपुढे जीएफ लिहिलेलं असतं, म्हणजे ग्लुटेन फ्री, ग्लुटेन नावाचं गव्हातलं प्रथिन नसलेलं, आणि ऑर्डर घेताना कसली ॲलर्जी आहे का हे आधी विचारतात. नाशिकहून कोणी फिरायला आलं की हमखास विचारतं, इथे काय सगळ्यांनाच गहू चालत नाही का? आणि हल्ली गंगापूर रोडच्या मावशीपासून ते सिडकोतल्या शाळेतल्या मैत्रिणीपर्यंत सगळ्याजणी फोनवर विचारतायत की पोट फुगतं, थकवा येतो, आम्ही पण पोळी बंद करून बघू का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

तर सगळ्यांना चालत नाही असं अजिबात नाहीये. सिलियाक हा खरा आजार, त्यात गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांच्यातल्या ग्लुटेनमुळे आपलीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्न शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. जगात हा साधारण १०० तल्या एकाला असतो, ऑस्ट्रेलियातली सिलियाकची संस्था ७० तला एक सांगते आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला हे आहे याचा पत्ताच नसतो. पण २०१५ मध्ये इथल्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सर्व्हे छापला त्यात मोठ्या माणसांपैकी दहातला एकजण गहू टाळत होता, आणि सिलियाकचं निदान झालेले मात्र त्यात थोडेच. अमेरिकेतही तेच, २००९ ते २०१४ मध्ये सिलियाकचं प्रमाण ०.७ टक्क्याच्या आसपास जिथल्या तिथे राहिलं पण आजार नसताना ग्लुटेन सोडणारे अर्ध्या टक्क्यावरून १.७ टक्क्यांवर गेले.

मग बाकीच्यांना होतं ते काय, नाटक? नाही हो, त्रास खरा असतो, फक्त त्याचं कारण बऱ्याचदा ग्लुटेन नसतं. इथल्याच मोनाश युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये अशा ३७ जणांवर प्रयोग केला ज्यांना सिलियाक नव्हता पण ग्लुटेनने त्रास होतो अशी खात्री होती. आधी त्यांच्या जेवणातले पोटात आंबून गॅस करणारे काही ठराविक कार्बोहायड्रेट कमी केले, सगळ्यांना बरं वाटलं, मग त्यांना न सांगता ग्लुटेन दिलं तर वेगळा असा काही परिणाम दिसला नाही. नंतर २०१८ मध्ये नॉर्वेतल्या अभ्यासात ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टॅनने जास्त त्रास झाला, आणि हे फ्रुक्टॅन म्हणजे त्याच गॅस करणाऱ्या कार्बोहायड्रेटपैकी एक, ते गव्हात असतं तसंच कांद्यात आणि लसणात पण भरपूर असतं.

आता हे आपल्या नाशिकच्या जेवणाला लावून बघा, लासलगाव-पिंपळगावचा कांदा आपल्या प्रत्येक भाजीत. रविवारी मिसळ खायची, रश्श्यात कांदा-लसूण वाटून घातलेला, वरून मूठभर कच्चा कांदा, मटकीत पण तसलेच गॅस करणारे घटक, आणि दुपारी पोट डमरू झालं की दोष कोणाला तर पावाला! मावशीला मी हेच सांगितलं, की आधी थोडे दिवस कांदा-लसूण कमी करून बघ, पण त्याच्याही आधी ब्लड टेस्ट कर.

कारण टेस्ट न करता गहू सोडला की घोळ होतो. सिलियाकची टीटीजी आयजीए नावाची टेस्ट रोजचा गहू चालू असतानाच करायची असते, कारण ती रक्तातल्या अँटिबॉडी बघते आणि गहू बंद केला की त्या हळूहळू कमी होतात, मग आजार असला तरी रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि खात्री करायला डॉक्टर परत काही आठवडे गहू खायला लावतात.

माझ्या इंदिरानगरच्या मामेबहिणीचं, ताईचं, तर पोट कधी दुखलंच नाही. तिचं हिमोग्लोबिन कायम कमी, लोहाच्या गोळ्या घेतल्या की थोडं वर यायचं परत खाली, सगळे म्हणायचे बीट खा खजूर खा, उपास कमी कर. शेवटी एका डॉक्टरांनी ही टेस्ट सांगितली, मग एंडोस्कोपी करून बायोप्सी घेतली आणि निघालं सिलियाक. मोठ्या माणसांत असं पुष्कळदा होतं, नुसता ॲनिमिया, नाहीतर हाडं ठिसूळ. आणि घरात एकाला असला तर सख्ख्या भावंडांत, मुलांत साधारण दहातल्या एकाला निघतो, तरी ताईच्या भावाने अजून टेस्ट केली नाहीये, दर फोनला मी मागे लागते.

भारतात हा आजार नाही असं समजू नका हं, २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात उत्तर भारतात १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के सापडला, जीन्स दोन्हीकडे जवळपास सारखे पण उत्तरेत गहू कितीतरी जास्त खाल्ला जातो. आपल्या आज्या बाजरीची नाहीतर नागलीची भाकरी खायच्या, आता घरोघरी दोन्ही वेळा पोळी, म्हणून मला वाटतं आपल्याकडच्या डॉक्टरांनी पण हे डोक्यात ठेवायला हवं.

ताईला खाण्याची ददात नाही, भाकरी, भात, भगर, पोहे, थालीपीठाच्या भाजणीतला गहू काढला की झालं. अडतं ते लपलेल्या गव्हावर. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. मी इथे डँडेनाँगच्या इंडियन दुकानातून तिच्यासाठी तांदळाच्या पिठातला हिंग घेऊन ठेवते. इथे ग्लुटेन फ्री लिहायचं तर तपासणीत ग्लुटेन सापडताच कामा नये असा नियम आहे, भारतात किलोला २० मिलीग्रॅमपर्यंत चालतं, पण पाकिटाला नियम असून काय उपयोग, आपलं पीठ येतं गिरणीतून! आधीच्या डब्यातले गहू दळून झाले की जात्यात उरलेलं पीठ ताईच्या ज्वारीत उतरतं. तिचं पोळपाट-लाटणं, तवा, तळणीचं तेल सगळं वेगळं केलंय, पण गिरणीचं कोडं सुटत नाहीये, सध्या मिक्सरवर थोडं थोडं दळते आणि भाकरी धड थापली जात नाही, कडा चिरतात.

तेव्हा इंदिरानगर, पाथर्डी फाटा, द्वारका या बाजूला जिथे गहू अजिबात दळत नाहीत, फक्त ज्वारी-बाजरी-नागली-तांदूळ दळतात अशी गिरणी कोणाला माहीत असेल तर प्लीज कळवा, लांब असली तरी चालेल, ताई महिन्याचं एकदम दळून आणेल.