रामटेकला निघालो, मनसरहून परतलो

पहाटे मोटरसायकलवर निघायचं, कामठी-कन्हान मागे टाकायचं, मनसरला उजवीकडे वळायचं आणि ऊन चढायच्या आत गडमंदिर गाठायचं, असा बेत होता. नागपूरहून जेमतेम 50 किलोमीटर. पण कन्हानचा पूल ओलांडला आणि ॲक्सिलरेटर पिळला की खालून कडकड आवाज यायला लागला. मनसरला तर चेन चक्क स्प्रॉकेटच्या, म्हणजे ती ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या, दातांवरून उडाली.

दोनच दिवसांपूर्वी शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये चेन टाइट करून घेतली होती. रस्त्याकडेच्या मेकॅनिककाकांना तेच सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच लपून राहिलं ना भाऊ."

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर. काकांनी चेन कव्हर उतरवलं आणि हाताने चाक फिरवत खालची चेन मधोमध दाबत गेले. एका जागी तारेसारखी ताठ, अर्ध्या फेऱ्यानंतर लोंबती. मग मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून ओढली. ती दातांवरून सुटून वर आली आणि फटीतून पलीकडचा उजेड दिसला! दात एका बाजूला कललेले, टोकदार. "नव्या चेनला इथे हलाले जागाच नसते."

कड्यांमधल्या पिना झिजल्या की प्रत्येक कडी किंचित लांबते. 428 नंबरच्या नव्या चेनच्या 20 कड्या 254 मिलिमीटर भरतात. 259 झाल्या की चेन संपली. वर्कशॉपवाल्यांनी कव्हर न उघडताच चाक मागे सरकवून चेन ताणली होती, त्यात ही झीज लपली, याचा मला अजून राग येतो. पण वर्षभरात मीही कव्हरखाली डोकावलो नव्हतो. दर 500 किलोमीटरला साफ करून 90 नंबरचं तेल द्यायचं, हे माहीत असून केलं नाही.

काकांकडे चेन सेट नव्हता. त्यांनी सगळ्यात ताठ जागी बोटभर ढील ठेवली, चाकाच्या दोन्हीकडच्या खुणा जुळवल्या, ब्रेकचा रॉड पुन्हा बसवला. "चाळीसच्या वर नेऊ नका, सीधं घरी जा." पैसे घेतले साठ रुपये.

रामटेक राहिलं. दुसऱ्या दिवशी नागपुरात चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलले. चेनची टोकं जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेनच्या धावण्याच्या दिशेला आहे ना, ते समोर उभं राहून पाहिलं. जुनी चेन मागून घेतली. पिना उभ्या राहतील अशी आडवी धरली तर ती धनुष्यासारखी वाकते. नवी जवळपास सरळ राहिली होती.