आमची वाटचाल : गुणपत्रिका वाचण्याचा व्यवसाय

न्यू जर्सीतील एडिसन येथे, घराच्या तळघरात दोन टेबले आणि एक प्रिंटर मांडून आम्ही २०१६ साली हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा त्याचे स्वरूप साधे होते. ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे आजार किंवा अपंगत्व असूनही रोजची कामे करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या व्यवसायोपचाराच्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमांना अर्ज करणाऱ्या मुलामुलींचे निबंध तपासून द्यायचे आणि त्याचे माफक शुल्क घ्यायचे, एवढेच. आज निबंध हा आमच्या कामातला शेवटचा टप्पा आहे आणि पहिल्या भेटीला येताना तो आणूच नये, असे आम्ही आधीच कळवतो.

माझे शिक्षण मुंबईचे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात या शास्त्राची शाळा सुरू केली, त्या परंपरेतली मी. शरीररचनाशास्त्राचा पेपर मी दुसऱ्या प्रयत्नात सोडवला, हे इथे मुद्दाम नमूद करते, कारण समोर बसलेल्या विद्यार्थ्याला ते सांगितले की त्याचे आखडलेले खांदे जरा सैल होतात. २००१ मध्ये मी अमेरिकेत आले तेव्हा भारतातील पदवीच्या आधारे इथली परवान्याची परीक्षा देता येत असे. २००७ पासून या व्यवसायात येण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आवश्यक झाले. आजच्या नियमांत मला स्वतःलाच पुन्हा रांगेत उभे राहावे लागले असते.

सुरुवातीला येणाऱ्यांत कमी जीपीएची, म्हणजे चारपैकी मोजल्या जाणाऱ्या श्रेणींच्या सरासरीची (ए चे चार, सी चे दोन), मुले जास्त होती. बहुतेकांची कथा एकाच वळणाची असे. डॉक्टर व्हायचे म्हणून पहिल्या दोन वर्षांत जीवशास्त्र आणि रसायनशास्त्राचे अवघड विषय घ्यायचे, त्यांत सी मिळवायचे, मग आजोबांच्या पक्षाघातानंतर किंवा धाकट्या भावाच्या थेरपीच्या निमित्ताने या व्यवसायाची ओळख व्हायची आणि तोवर सरासरी २.७ वर येऊन थांबलेली असायची. अनेक अभ्यासक्रमांची किमान अट ३.० ची असते. हृदयाला भिडणारा निबंध ही तफावत भरून काढेल, असा त्या मुलांचा समज होता आणि खरे सांगायचे तर काही काळ आमचाही होता.

तो समज आमच्याच एका चुकीने मोडला. दुसऱ्या वर्षी आलेल्या एका विद्यार्थ्याला चार-चार क्रेडिटच्या, म्हणजे सरासरीत तेवढे वजन असलेल्या, तीन विषयांत सी मिळाले होते. ते विषय पुन्हा घे, असा सल्ला मी दिला. त्याने उन्हाळाभर राबून तिन्हींत ए मिळवले, त्याच्या कॉलेजने नियमाप्रमाणे जुन्या श्रेणी सरासरीतून वगळल्या आणि गुणपत्रिकेवर ३.०६ आले. आम्ही पेढे वाटले. परंतु बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ज्या ओटीकॅस या केंद्रीय व्यवस्थेमार्फत जातात, ती कॉलेजची सरासरी जशीच्या तशी स्वीकारत नाही. ती प्रत्येक विषय नव्याने मोजते आणि पुन्हा घेतलेल्या विषयाचे दोन्ही प्रयत्न धरते. १२० ऐवजी १३२ क्रेडिट मोजली गेली, सरासरी २.९६ निघाली आणि त्या वर्षी त्याला एकाही ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले नाही. मी त्याचे शुल्क परत केले. त्याचे गेलेले वर्ष मात्र परत करता येण्यासारखे नव्हते.

त्यानंतर माझ्या यजमानांनी, जे पेशाने हिशेबनीस आहेत, एक तक्ता तयार केला आणि आमचा खरा व्यवसाय तिथून सुरू झाला असे मी मानते. विद्यार्थ्याने आजवर घेतलेला प्रत्येक विषय, त्याची क्रेडिट, त्याची श्रेणी आणि तो कधी घेतला, हे सगळे त्यात भरायचे. हिशेब निर्दय असतो. १२० क्रेडिटवर २.७ सरासरी असलेल्या मुलाने आणखी १५ क्रेडिट घेऊन सर्व विषयांत ए मिळवले, तरी एकूण सरासरी २.८४ पर्यंतच चढते. ३० क्रेडिट घेतली, म्हणजे जवळजवळ पूर्ण वर्ष खर्च केले, तरी ती २.९६ होते. एकूण सरासरीच्या मागे धावणे हा बहुधा तोट्याचाच सौदा असतो, ही गोष्ट पालकांना तोंडी सांगून पटत नाही, तक्ता दाखवला की पटते.

मात्र काही अभ्यासक्रम शेवटच्या ६० क्रेडिटची सरासरी वेगळी पाहतात आणि तिथे चित्र पालटते. त्याच मुलाची कॉलेजातील शेवटची ३० क्रेडिट ३.३ ची असतील आणि नव्या ३० मध्ये त्याने ए मिळवले, तर ही सरासरी ३.६५ होते. मूळ मुलगा तोच, त्याच्या पहिल्या वर्षाची लक्तरेही तीच. फरक पडतो तो अर्ज कुठे पाठवायचा या निवडीने. म्हणून आम्ही पूर्वअटींच्या, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण केलेच पाहिजेत अशा, विषयांकडे आधी वळतो. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, संख्याशास्त्र, विकासात्मक मानसशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र आणि समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र हे बहुतेक ठिकाणी लागतात. त्यांची सरासरी अनेकदा स्वतंत्रपणे काढली जाते आणि काही ठिकाणी फार जुने विषय ग्राह्य धरत नाहीत. कम्युनिटी कॉलेजमध्ये हे विषय कमी खर्चात होतात, फक्त प्रयोगशाळेचा भाग ऑनलाइन केलेला चालतो का, हे प्रत्येक अभ्यासक्रमाला लेखी विचारून घ्यावे लागते.

‘या वर्षी अर्ज करू नका’ हा सल्ला देणे व्यवसाय म्हणून महागात पडते. अर्जांचा हंगाम उन्हाळ्यात उघडतो, बऱ्याच ठिकाणी अर्ज येतील तसे तपासले जातात आणि त्यामुळे जूनमध्ये आमचा फोन सतत वाजत असतो. त्याच महिन्यात आम्ही काही जणांना परत पाठवतो. एका आईंनी मला सरळ विचारले, “काकू, तुम्ही दुकान चालवता की बंद करायला बसला आहात?” त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. २०१८ चे वर्ष आम्ही जेमतेम निभावले. अखेर निबंधाचे शुल्क आणि गुणपत्रिकेच्या वाचनाचे शुल्क आम्ही वेगळे केले, तेव्हा कुठे सल्ला आणि पोट यांतले भांडण थोडे मिटले.

मधल्या काळात नियमांनीही आम्हाला हेलकावे दिले. २०१७ मध्ये मान्यता देणाऱ्या मंडळाने २०२७ पासून थेरपिस्ट होण्यासाठी डॉक्टरेटच लागेल असे जाहीर केले आणि दोन वर्षांत तो आग्रह मागे पडला. मास्टर्स आणि डॉक्टरेट असे दोन्ही मार्ग कायम राहिले. घाईने डॉक्टरेटकडे वळवलेल्या आमच्या दोन विद्यार्थिनींना त्यामुळे काही तोटा झाला नाही, एवढे समाधान. २०२० मध्ये कोविडमुळे रुग्णालयांची दारे बाहेरच्या विद्यार्थ्यांना बंद झाली, निरीक्षणाचे, म्हणजे थेरपिस्टचे काम शेजारी बसून पाहण्याचे, तास मिळेनात आणि अनेक अभ्यासक्रमांनी ती अट तात्पुरती शिथिल केली. त्या वर्षी अर्जांत श्रेणींनाच अधिक वजन आले, असे माझे निरीक्षण आहे.

ज्यांचा तक्ता कशानेच सावरत नाही, त्यांच्यापुढे आम्ही सहायक थेरपिस्टचा दोन वर्षांच्या आसपासचा अभ्यासक्रम ठेवतो. तो पूर्ण करून परवाना घेतलेल्यांसाठी काही ठिकाणी पूर्ण थेरपिस्ट होण्याकडे नेणारे जोड अभ्यासक्रमही आहेत. याला कमीपणा मानण्याची सवय आपल्या घरांत मोठी आहे. वरच्या चुकीतला तो विद्यार्थी मात्र याच वाटेने गेला. तीन वर्षे वृद्धाश्रमात काम करून त्याने गेल्या वर्षी जोड अभ्यासक्रमाला अर्ज केला आणि निबंध तपासायला माझ्याकडेच पाठवला. या वेळी मी त्याच्याकडून आधी गुणपत्रिका मागितली.