खालचा डावा कोपरा शून्य

इंजिनिअरिंगच्या मुलांना संवादकौशल्य शिकवताना मी गटचर्चेआधी एक खेळ घेते. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाकडे पत्र्याच्या तुकड्याचं ड्रॉइंग, दुसऱ्याकडे कोरा कागद. एकाने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. पहिली फेरी हव्या त्या भाषेत, दुसरी इंग्रजीत.

नाशिकच्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला हा खेळ चालला होता. वर्गातला सगळ्यात फर्डा मुलगा आधी पुढे आला. पहिल्या फेरीपासूनच सफाईदार इंग्रजी, खणखणीत आवाज. पण तो प्रत्येक माप आधीच्या मापावरून सांगत गेला. या भोकापासून ते भोक, त्या भोकापासून काठ. जोडीदाराची पेन्सिल सुरुवातीला जराशी हलली, ती चूक पुढे पुढे साचत गेली आणि शेवटचं भोक काठाला जाऊन चिकटलं.

मग आला डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेला एक मुलगा. सुट्टीत तो अंबड एमआयडीसीत मामाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, काम करतो. वर्गात त्याचा आवाज मी क्वचितच ऐकला होता.

"कागद आडवा धर. 80 बाय 50 चा आयत काढ. खालचा डावा कोपरा शून्य. आता सगळी मापं तिथूनच." मग थांबला. "काय काढलंस, सांग बरं." जोडीदार मुलीने सांगितलं. "आता वरचा उजवा कोपरा काप. 20 आडवे, 15 उभे." तिने उलट म्हटलं. "नाही गं, 20 आडवे." तिने खोडून पुन्हा काढलं. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले, तर भोकंसुद्धा जुळली.

इंग्रजी फेरीत तो म्हणाला, "लेफ्ट बॉटम कॉर्नर झीरो. ऑल साइज फ्रॉम झीरो. नाऊ यू टेल मी." व्याकरण लंगडं, पण ड्रॉइंग पुन्हा अचूक!

"हे कुठे शिकलास?"

"मामा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, लेथला लावायच्या आधी माप परत म्हणायला लावतो, मॅडम. मटेरियल वाया गेलं की गेलं."

मी वर्गाला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमान अपघात सांगितला. 27 मार्च 1977. धुक्यातल्या धावपट्टीवर दोन बोइंग 747 विमानं एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. 'आम्ही टेकऑफला आहोत' असं त्यांतल्या एका विमानाचा सहवैमानिक म्हणाला. विमान जागेवरच उभं आहे असं समजून नियंत्रकाने 'ओके' म्हटलं. पुढची थांबण्याची सूचना रेडिओच्या शिट्टीत बुडाली. त्यानंतर रेडिओवरच्या भाषेचे नियम जगभर कडक झाले. धावपट्टीची परवानगी आज वैमानिकाला परत म्हणून दाखवावी लागते. मामाचा नियम तोच आहे.

इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीए या राष्ट्रीय मंडळाने अभियंत्याचे जे बारा गुण ठरवले होते, त्यांत संवादाखाली स्पष्ट सूचना देणं आणि घेणं असं लिहिलेलं होतं. कॉलेजच्या गुणपत्रकात मात्र नजर, आत्मविश्वास, अस्खलितपणा एवढेच रकाने. ऐकणाऱ्याला काम जमलं का, हा रकाना मी त्याच दुपारी वाढवून घेतला आणि तो सगळ्यांत वर ठेवला. प्लेसमेंटला इंग्रजी लागतंच, ते मी त्याला शिकवणार आहेच. पण इंग्रजीचा पाया त्याच्याकडे आधीच असलेल्या या शिस्तीवर घालायचा, हे मी ठरवून टाकलं.

संध्याकाळच्या सराव मुलाखतीत 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ला तो पाठ केलेलं घडाघडा म्हणू लागला आणि दुसऱ्याच वाक्याला अडकला. मी म्हटलं, "ते राहू दे. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब सेंटरला कसा आणतोस, ते सांग." चक म्हणजे लेथवर जॉब पकडून ठेवणारा भाग. तो सांगत गेला, आधी मराठीत, मग इंग्रजीत. त्यातली वाक्यं मी फळ्यावर लिहून घेतली आणि त्याची ओळख आम्ही तिथूनच लिहायला घेतली.