रतनगड ते हरिश्चंद्रगड, मामाच्या मागे मागे

डिसेंबरमध्ये तीन दिवसांचा रेंज ट्रेक केला. रतनवाडी, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड आणि खाली खिरेश्वर. सोबत मामा, वय 58, कॉलेजपासून सह्याद्रीत भटकणारा. आदल्या रात्री त्याने माझी सॅक हॉलमध्ये उलटी केली आणि जीन्स, दोन टी-शर्ट, डिओ, टिनमधले रसगुल्ले सगळं बाजूला काढलं. डिओवर तर चिडलाच, कडेकपारीत आग्या मोहोळं असतात, उग्र वास नको म्हणे. त्या जागी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत बांधलेले तांदूळ आणि वीसेक फूट दोरी आली. दोरी कशाला ते मला कुमशेतच्या विहिरीवर कळलं.

कसाऱ्याला उतरून जीपने शेंडी आणि पुढे रतनवाडी. पोचायला संध्याकाळ झाली, मुक्काम गावातच एका घरी. अमृतेश्वराचं मंदिर सकाळी लवकर बघा, कोरीवकाम निवांत बघायला मिळतं. रतनगडाच्या शिड्यांवर माकडं फार, मी हातात बिस्किटाचा पुडा घेऊन चढत होतो आणि एकाने तो सरळ ओढला, शिडीवर असताना दचकायला होतं राव. खायचं काही हातात नको. वर नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसलात की वारा असा लागतो की उठवत नाही, पण पुढचा पल्ला मोठा आहे, वेळेत उतरा.

खरी गंमत कात्राबाईच्या जंगलात. मामाने मला पुढे ठेवलं होतं आणि मी मळलेली वाट बघून जोरात निघालो, तो मागून काही बोलेना. वाट हळूहळू बारीक होत कारवीत घुसली आणि संपलीच, पायाखाली नुसतं शेण. ढोरवाट! मामा शांतपणे म्हणाला, "शेवटची खूण कधी दिसली होती?" मला आठवेना. त्याला आठवत होतं, दगडांची रास, वीस मिनिटं मागे. मग गुमान मागे आलो. दहा मिनिटांत बाण किंवा रास दिसली नाही तर थांबायचं, आडवं घुसून शॉर्टकट शोधायचा नाही. फोनची रेंज वाटेत फारशी नसते, तेव्हा मॅप आधीच डाऊनलोड करा. पहिल्यांदा जात असाल तर रतनवाडीतून वाटाड्या घ्याच, पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

दुसरी रात्र कुमशेतला. कुमशेत ते पाचनई उन्हाची वाट, टोपी आणि तीन लिटर पाणी हवंच. पाचनईहून गडावर जाणं त्यामानाने सोपं, दोन-अडीच तास. केदारेश्वराच्या गुहेत पाणी इतकं गार की मी गुडघाभर जाऊन परत फिरलो. चारपैकी एकच खांब उभा आहे तिथे. कोकणकडा पालथं झोपूनच बघा, अंधार पडल्यावर काठाकडे फिरकू नका. मार्चनंतर मात्र हा ट्रेक नको, पाण्याचे हाल होतात.

तोलारखिंडीतून खिरेश्वर, तिथून खुबी फाटा. रविवारी संध्याकाळी कल्याणकडे जाणाऱ्या एसट्या खचाखच, दोन तर थांबल्याच नाहीत. तिसरीत कल्याणपर्यंत उभ्याने आलो, मी दांडा धरून आणि मामा मधल्या जागेत स्वतःच्या सॅकवर बसून गाढ झोपलेला.